फीत कापण्याआधी यंत्रणा चालवून पाहिली का?

6 नोव्हेंबर 2021 रोजी सकाळी तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागली. 11 रुग्ण दगावले. हा विभाग जुनाट इमारतीतला नव्हता, कोविडच्या काळात नव्याने उभारलेला होता. त्याच वर्षी 9 जानेवारीच्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागली होती आणि तेथील 17 पैकी 10 बाळांचा मृत्यू झाला होता. भंडाऱ्यानंतर राज्यभरातील रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले. नगरमध्येही ऑडिट झाले होते. तरी दहा महिन्यांच्या आत 11 जीव गेले.

अशा प्रत्येक घटनेनंतर आपल्याकडे तीच मांडणी होते. चौकशी समिती, निलंबन, मदतनिधी आणि पुन्हा ऑडिटचे आदेश. कार्यकर्ते म्हणून आपणही निवेदन देतो, दोषींवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल करा अशी मागणी करतो. ती मागणी योग्यच आहे. पण एक प्रश्न आपल्या निवेदनात क्वचितच असतो. ही इमारत, हा विभाग ताब्यात घेतला त्या दिवशी त्यातील यंत्रणा प्रत्यक्ष चालवून कोणी पाहिली होती का? पाहिली असेल तर किती खोलात जाऊन?

हा प्रश्न तांत्रिक वाटतो आणि म्हणून आपण तो इंजिनिअरांवर सोडून देतो. पण सरकारी दवाखान्यात कोण जाते, मागासवर्गीय मुलामुलींच्या शासकीय वसतिगृहात कोण राहते, एसआरएच्या इमारतीत कोणाला घर मिळते, हे पाहिले की तो आपला प्रश्न होतो. खासगी टॉवरमधला फ्लॅटधारक वकील लावू शकतो, सोसायटीतर्फे स्वतंत्र तज्ज्ञ नेमू शकतो. वसतिगृहातील अठरा वर्षांच्या मुलीकडे यातले काहीच नसते. तिच्या वतीने तपासणी करून घेण्याची जबाबदारी शासनाची आहे, आणि शासनाला ती करायला लावण्याची आपली.

ऑडिट वेगळे, चाचणी वेगळी

नवीन इमारत पूर्ण झाल्यावर तिच्यातील वीज, पाणी, लिफ्ट, अग्निशमन, वायुवीजन, जनरेटर, ऑक्सिजन या यंत्रणा कार्यान्वित करून ताब्यात देण्याच्या प्रक्रियेला कमिशनिंग म्हणतात. त्यातला कणा म्हणजे कार्यचाचणी. यंत्र बसवले आहे का हे पाहणे म्हणजे कार्यचाचणी नव्हे. ज्या कामासाठी ते बसवले ते काम, ज्या परिस्थितीत करायचे त्या परिस्थितीत ते करते का, हे पाहणे म्हणजे कार्यचाचणी.

आगीच्या पंपाचे उदाहरण घेऊ. त्याच्या तपासणीच्या पाच पायऱ्या करता येतात.

पहिली पायरी : पंप मंजूर नकाशाप्रमाणे, ठरलेल्या क्षमतेचा बसवला आहे का? हे डोळ्यांनी आणि कागदावरून कळते.

दुसरी : बटण दाबल्यावर तो सुरू होतो का?

तिसरी : बटण न दाबता सुरू होतो का? आगीच्या वेळी तळघरात जाऊन बटण दाबायला कोणी नसते. नळ उघडल्यावर पाइपातील दाब उतरला की पंपाने आपोआप सुरू व्हायला हवे. आणि सर्वात वरच्या मजल्यावरच्या, पंपापासून सर्वात लांबच्या हायड्रंटला पुरेशा दाबाने पाणी यायला हवे. तळमजल्यावर फवारा दाखवून फोटो काढणे ही तिसरी पायरी नव्हे.

चौथी : बाकीच्या यंत्रणा त्याच क्षणी आपापले काम करतात का? धूर ओळखणाऱ्या डिटेक्टरने इशारा दिला की भोंगा वाजला पाहिजे, लिफ्ट खाली येऊन दार उघडून थांबली पाहिजे, एसीची हवा बंद झाली पाहिजे, कुलूपबंद दारे सुटली पाहिजेत. ही कामे वेगवेगळ्या ठेकेदारांनी केलेली असतात. प्रत्येकाचे काम स्वतंत्रपणे बरोबर असते आणि एकत्र मात्र काहीच चालत नाही, असे होऊ शकते.

पाचवी : एखादी गोष्ट बंद पडली तर? मुख्य वीज तोडली तर डिझेल पंप सुरू होतो का? जिन्यातले आपत्कालीन दिवे लागतात का? जनरेटर किती वेळात भार घेतो?

वसतिगृहे आणि पुनर्वसन इमारतींमध्ये काम करताना जी कागदपत्रे आमच्यासमोर येतात, त्यात पहिली पायरी नीट नोंदवलेली असते, दुसरी बहुधा एका ओळीत असते. तिसरीपासून पुढे नोंद सापडणे कठीण. ‘सर्व यंत्रणा सुस्थितीत आढळल्या’ असे एक वाक्य असते. दाब किती आला, पंप किती सेकंदांत सुरू झाला, कोणत्या मजल्यावर, कोणासमोर, किती वाजता, यांपैकी काहीच नाही. जी तपासणी आकडा देत नाही ती झाली की नाही हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

नाशिक आणि बर्लिन

पाचवी पायरी किती महत्त्वाची आहे हे नाशिकने दाखवले. 21 एप्रिल 2021 रोजी महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठ्याचा दाब कोसळला आणि ऑक्सिजनवर असलेले किमान 22 रुग्ण गेले. टाकी काही आठवड्यांपूर्वीच बसवलेली होती. टाकी भरली, नळीतून ऑक्सिजन आला, रुग्णांना मिळू लागला, इथपर्यंत यंत्रणा ‘चालू’च होती. खरी परीक्षा पुढची असते. मुख्य पुरवठा अचानक थांबला तर इशारा कोठे वाजतो, राखीव सिलिंडरवर पुरवठा किती वेळात वळतो, वळवायचा व्हॉल्व्ह कोठे आहे आणि रात्रपाळीच्या कोणाला तो माहीत आहे? ही तालीम रुग्ण खाटेवर येण्याआधीच करता येते. रुग्ण आल्यावर ती करणे धोक्याचे, आणि न करणे त्याहून धोक्याचे.

चौथ्या पायरीचे उदाहरण जर्मनीतले आहे. बर्लिनचा नवा ब्रँडेनबुर्ग विमानतळ 3 जून 2012 रोजी सुरू होणार होता. समारंभाची तयारी झाली होती. 8 मे रोजी, महिनाभरही उरला नसताना, उद्घाटन रद्द झाल्याचे जाहीर झाले. मुख्य कारण आगप्रतिबंधक यंत्रणा. धूर बाहेर काढण्याची व्यवस्था, दारे आणि त्यांचे नियंत्रण हे सारे एकत्रितपणे चालत असल्याचे सिद्ध करता आले नाही. तोवर काही दारे माणसे ठेवून उघडू, असाही पर्याय मांडला गेला. तो मान्य झाला नाही. विमानतळ सुरू झाला 31 ऑक्टोबर 2020 रोजी, आणि त्याआधी हजारो स्वयंसेवकांना प्रवासी बनवून तो चालवून पाहण्यात आला.

यातून दोन धडे निघतात आणि दोन्ही घ्यायला हवेत. पहिला हा की पाहुणे ठरलेले असतानाही ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार परवाना देणाऱ्या कार्यालयाकडे होता आणि तो त्याने वापरला. दुसरा हा की चाचण्या सगळ्या शेवटी ढकलल्या, तर चुका शेवटी सापडतात आणि तेव्हा दुरुस्तीला वर्षे लागतात. म्हणून कार्यचाचणी बांधकामासोबत मजल्यागणिक, यंत्रणेगणिक पुढे सरकली पाहिजे. शेवटी उरावी ती फक्त सगळे एकत्र चालवून पाहण्याची चाचणी.

किती खोलात जायचे?

इथे एक प्रामाणिक आक्षेप ऐकून घ्यायला हवा. अभियंते म्हणतात की प्रत्येक वस्तूची प्रत्येक परिस्थितीत चाचणी घेतली तर इमारत कधीच सुरू होणार नाही. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. म्हणून जगभर नमुना तपासणी केली जाते. दोनशेपैकी वीस वस्तू तपासायच्या, त्या ठीक निघाल्या तर सगळ्या ठीक धरायच्या.

नमुना निवडीचा हिशेब समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला ओळखीचा असतो, तो इथे लावून पाहू. समजा इमारतीत 200 स्मोक डिटेक्टर आहेत आणि त्यातले 10 बिघडलेले आहेत. आपण चिठ्ठ्या टाकून 20 निवडले. त्या वीसमध्ये एकही बिघडलेला न सापडण्याची शक्यता सुमारे 34 टक्के आहे. म्हणजे दर तीन इमारतींमागे साधारण एक इमारत दहा मुके डिटेक्टर घेऊन ‘उत्तीर्ण’ होईल. हेही निवड चिठ्ठ्या टाकून केली असेल तर. कोणते वीस तपासायचे हे ठेकेदारानेच सुचवले असेल, तर हा हिशेबही लागू होत नाही.

आता डिटेक्टरच्या जागी 200 सीलिंग पंखे ठेवा. दहा पंखे बिघडलेले निघाले तर दहा खोल्यांत दोन दिवस उकडेल, तक्रार होईल, पंखा बदलला जाईल. चूक आपोआप समोर येते आणि तिची किंमत कमी असते. मुका डिटेक्टर मात्र तक्रार करत नाही. तो मुका आहे हे आगीच्या रात्रीच कळते. भंडाऱ्यात धूर भरल्याचे लक्षात आले ते परिचारिकेने कक्षाचे दार उघडले तेव्हा.

म्हणून ‘किती खोलात’ याचे उत्तर सरसकट असू शकत नाही. ते तीन प्रश्नांवर ठरवावे. यंत्रणा नापास झाली तर जीव जातो का? बिघाड रोजच्या वापरात दिसतो, की लपून राहतो? आणि जीव धोक्यात येईल तो माणूस स्वतः बाहेर पडू शकतो का? नवजात बाळ, ऑक्सिजनवरचा रुग्ण, रात्री बाहेरून बंद केलेल्या वसतिगृहातील मुलगी, चाकाच्या खुर्चीवरचे आजोबा यांच्या बाबतीत तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे.

यावरून साधे नियम निघतात.

एक : जीवरक्षक यंत्रणांना नमुना तपासणी लागू नाही. डिटेक्टर, भोंगे, हायड्रंट, आपत्कालीन दिवे, सुटकेची दारे, लिफ्टची सुरक्षा, विजेचे अर्थिंग आणि गळती-रक्षक स्विच, रुग्णालयात ऑक्सिजन हे सगळे शंभर टक्के तपासले जावे.

दोन : पंखे, दिवे, नळ, खोल्यांचे एसी यांची नमुना तपासणी चालेल. मात्र नमुना निवडेल तो तपासणारा, ठेकेदार नव्हे. आणि नमुन्यात दोष सापडला तर तेवढाच दुरुस्त करून पुढे जायचे नाही. नमुना वाढवायचा, पुन्हा दोष निघाले तर सगळ्या वस्तू तपासायच्या.

तीन : वीज तोडून एक पूर्ण एकत्रित चाचणी, शक्यतो रात्री. ती ताबा घेण्याआधी व्हावी आणि इमारतीत जे काम करणार आहेत ते गृहपाल, पहारेकरी, परिचारिका त्या वेळी हजर असावेत. यंत्र चालले आणि माणसाला ते चालवता आले नाही, तर ती चाचणी अर्धीच.

चार : पावसाळ्यातच कळतील असे दोष पावसाळ्यात तपासावे. ठेकेदाराचा दोष दायित्व कालावधी संपण्याआधी एक फेरतपासणी बंधनकारक असावी. कालावधी उलटला की दुरुस्तीचा खर्च आणि टोलवाटोलवी दोन्ही आपल्या वाट्याला येतात.

‘वसतिगृह ताबडतोब सुरू करा’

या सगळ्यात एक खरी अडचण आहे आणि ती आपल्याच चळवळीची आहे. वसतिगृहाची इमारत बांधून तयार आहे, पण सुरू होत नाही. दरम्यान प्रवेश न मिळालेली मुले शहरात भाड्याच्या खोलीत चार-चार जण राहतात, काही शिक्षण सोडून गावी परततात. अशा वेळी आपण मोर्चा काढतो, ‘ताबडतोब सुरू करा’ म्हणतो. प्रशासनाला हे सोयीचेही असते. अपुऱ्या चाचणीचे खापर मग ‘विद्यार्थ्यांच्या मागणीवर’ फोडता येते.

उशीर फुकट नसतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. एका वर्षाचा उशीर म्हणजे एका मुलीचे शिक्षण कायमचे थांबणे असू शकते. पण यातला पर्याय ‘चाचणी की वसतिगृह’ असा नाही. सोलर गरम पाणी, बगिचा, अभ्यासिकेचे एसी, लायब्ररीचे संगणक यांच्या चाचण्या मुले राहायला आल्यावरही होऊ शकतात. आग, वीज, लिफ्ट, पिण्याचे पाणी आणि सुटकेचा मार्ग यांच्या नाहीत. तेव्हा आपली मागणी बदलायला हवी. ‘ताबडतोब सुरू करा’ ऐवजी ‘जीवरक्षक चाचण्यांचे वेळापत्रक आजच जाहीर करा, त्या आमच्यासमोर घ्या आणि त्या तारखेला सुरू करा’. कामगिरीची तारीख मागणारे आंदोलन प्रशासनाला टाळणे जास्त अवघड जाते.

कायदा आहे, वापरणारे हवेत

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार अग्निसुरक्षेच्या यंत्रणा बसवण्याची आणि त्या कायम चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी इमारतीचा मालक किंवा भोगवटादार याची आहे. परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै महिन्यात द्यावे लागते. शासकीय इमारत असली म्हणून ही जबाबदारी नाहीशी होत नाही.

पण या रचनेत एक गाठ आहे. प्रमाणपत्र देणाऱ्या एजन्सीला पैसे देतो तो मालक किंवा बिल्डर. ज्याची तपासणी करायची तोच मजुरी देत असेल तर तपासणी कोणाच्या बाजूने झुकेल हे सांगायला फार विद्वत्ता लागत नाही. एसआरएच्या इमारतीत तर बिल्डर प्रमाणपत्र घेतो, भोगवटा प्रमाणपत्र मिळवतो आणि निघून जातो. त्यानंतर पंपाचे वीजबिल भरणे, पाइप दुरुस्त करणे हे ज्यांचे हातावर पोट आहे त्या रहिवाशांच्या सोसायटीवर येऊन पडते. 6 ऑक्टोबर 2023 च्या पहाटे गोरेगावच्या जय भवानी या एसआरए इमारतीत तळमजल्यावरील वाहने आणि कापडाच्या ढिगाने पेट घेतला, धूर वर चढला आणि किमान 7 जणांचा जीव गेला. अशा इमारतीत चाचणी कोणी आणि केव्हा केली, त्याची नोंद कोणाकडे आहे, हा प्रश्न आग विझल्यावर नव्हे, चाव्या घेतानाच विचारायचा असतो.

त्यासाठी आपल्या हातात माहिती अधिकार कायदा, 2005 आहे. आपण तो कागदांच्या प्रतींसाठी वापरतो. पण त्याच्या कलम 2 मध्ये माहितीच्या अधिकाराची जी व्याख्या आहे, त्यात कामाची पाहणी करण्याचा अधिकारही आहे. म्हणजे सार्वजनिक इमारतीचे काम प्रत्यक्ष पाहण्यासाठी अर्ज करता येतो. उत्तराची मुदत 30 दिवस, आणि माहिती जीविताशी संबंधित असेल तर 48 तास.

अर्जात ‘फायर एनओसी आहे का’ एवढेच विचारू नका. त्याचे उत्तर ‘होय’ असे एका शब्दात येईल. विचारायचे ते असे :

- ताबा घेताना कोणकोणत्या यंत्रणांची कार्यचाचणी झाली? प्रत्येकीची तारीख, वेळ आणि हजर अधिकाऱ्यांची पदनामे.
- सर्वात वरच्या हायड्रंटवर मोजलेला पाण्याचा दाब किती?
- मुख्य वीज बंद करून चाचणी घेतली का? जनरेटर आणि डिझेल पंप सुरू व्हायला किती वेळ लागला?
- एकूण डिटेक्टर किती, तपासले किती, नापास किती, फेरचाचणी केव्हा?
- चाचणी करणाऱ्या एजन्सीला मोबदला कोणी दिला?
- मागील जानेवारी आणि जुलैच्या प्रमाणपत्रांच्या प्रती, सोबतच्या मोजमापाच्या नोंदींसह.

नोंदी उपलब्ध नाहीत, असे उत्तर आले तर तेही लेखी उत्तर आहे. ते घेऊन जिल्हाधिकारी, समाजकल्याणचे सहायक आयुक्त, अग्निशमन अधिकारी यांच्याकडे फेरचाचणीची मागणी करता येते.

आणि जी मोजपट्टी शासनाला, तीच आपल्या स्वतःच्या इमारतींना. वस्तीवस्तीत नवी विहारे, समाजमंदिरे, अभ्यासिका लोकवर्गणीतून उभी राहत आहेत. 14 एप्रिलला एका सभागृहात पाचशे माणसे बसतात, मंडपाची वायर त्याच बोर्डावर जोडलेली असते, मागचे दार सामान ठेवून बंद झालेले असते. उद्घाटनाच्या आठवडाभर आधी परवानाधारक वायरमनला बोलावून अर्थिंग तपासणे, गळती-रक्षक स्विच चाचणीच्या बटणाने पाडून पाहणे, सगळे दिवे घालवून लोक किती मिनिटांत बाहेर पडतात हे एकदा मोजणे, याला मोठा निधी लागत नाही. एक रविवार लागतो.

प्रमाणपत्रांची पुढची खेप जानेवारी किंवा जुलैत येईलच. आपल्या तालुक्यातील प्रत्येक शासकीय वसतिगृह, ग्रामीण रुग्णालय आणि पुनर्वसन इमारतीची यादी आताच करा. दोन-दोन कार्यकर्त्यांनी एकेक इमारत वाटून घ्या, वरील सहा प्रश्नांचा अर्ज द्या आणि आलेली उत्तरे वसतिगृहाच्या, सोसायटीच्या सूचना फलकावर लावा. त्या इमारतीत झोपणाऱ्या माणसाला तिथला पंप शेवटचा केव्हा चालला होता हे माहीत असायलाच हवे.